हिपॅटायटिस सी: चाचणी हाती असूनही रक्त तपासायला उशीर का झाला?

ब्रिटनमध्ये दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सी या यकृताला इजा करणाऱ्या विषाणूसाठी तपासणी 1 सप्टेंबर 1991 रोजी सुरू झाली. जपानने ती नोव्हेंबर 1989 मध्येच सुरू केली होती. फ्रान्सने मार्च 1990 मध्ये सुरुवात केली आणि अमेरिकेत मे 1990 मध्ये तपासणीच्या किटला परवाना मिळाला. विषाणू तोच, किटही तेच. तरीही जपान आणि ब्रिटन यांच्यात बावीस महिन्यांचं अंतर पडलं. ते नेमकं कशात गेलं, हे रक्तपेढीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे.

हिपॅटायटिस बीसाठी ब्रिटनमध्ये 1972 पासून रक्त तपासलं जात होतं. तरी रक्त घेतलेल्या काही रुग्णांना कावीळ होतच राहिली. 1975 पर्यंत अमेरिकेत हार्वी ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की यातली बहुतेक प्रकरणं ए विषाणूची नाहीत आणि बीचीही नाहीत. आजाराला ‘नॉन-ए, नॉन-बी’ असं नकारार्थी नाव मिळालं. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नसत, फक्त एएलटी हे यकृताचं विकर रक्तात वाढलेलं दिसे. त्यामुळे आजार सौम्य आहे, असा समज रुजला. 1978 मध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या यकृताच्या बायोप्सी केल्या, तेव्हा वरून ठणठणीत दिसणाऱ्यांतही जुनाट यकृतविकार सापडला. सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचं निकामी होत जाणं, व्हायला दोन-तीन दशकं लागतात, आणि एवढ्या लांबचं नुकसान सरकारी टिपणात सहसा ठळक दिसत नाही.

विषाणू हाती नसताना आडवाटेने तपासता येत होतं. ज्याचं एएलटी जास्त आहे किंवा ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी आहेत, अशा दात्याचं रक्त बाजूला काढायचं. अमेरिकेतल्या रक्तपेढ्यांनी 1986-87 मध्ये हे स्वीकारलं. ब्रिटनने नाही. दारू आणि लठ्ठपणा यांमुळेही एएलटी वाढतं, त्यामुळे बरेच निरोगी दाते विनाकारण गळतील, हा आक्षेप होता आणि तो खरा होता.

1989 च्या एप्रिलमध्ये चित्र पालटलं. कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन यांच्या गटाने लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून या नॉन-ए, नॉन-बी विषाणूचे, म्हणजेच हिपॅटायटिस सीचे, जनुकीय तुकडे वेगळे केले होते. त्यांपैकी एकापासून सी-100-3 नावाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करून पहिली एलायझा चाचणी बनवली गेली. प्लेटच्या खळग्यांत हे प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात दात्याचा रक्तद्रव पातळ करून घालायचा, ठरलेला वेळ थांबून धुवायचं, मग विकर जोडलेली दुसरी अँटीबॉडी घालायची, पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंग येतो का ते यंत्राने मोजायचं. धुणं कमी पडलं तर निरोगी नमुन्यातही रंग उमटतो. शिवाय सी-100-3 हे दुसऱ्या एका विकराशी, सुपरऑक्साइड डिसम्युटेजशी, जोडून बनवलेलं होतं. एखाद्याच्या रक्तात त्या विकराविरुद्ध किंवा यीस्टच्या घटकांविरुद्ध अँटीबॉडी असल्या, तर हिपॅटायटिस नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येई. उलट नव्याने लागण झालेल्यात सी-100-3 विरुद्धच्या अँटीबॉडी दिसायला कित्येकदा चार-पाच महिने लागत, आणि तोवर तो दाता चाचणीतून निसटे.

ब्रिटनच्या सल्लागार समितीपुढचा पेच आकड्यांत मांडून बघू. समजा, 10,000 दात्यांपैकी 5 जणांना खरोखर लागण आहे. चाचणी त्यातले 4 पकडते आणि निरोगी लोकांपैकी दर 200 मागे एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. म्हणजे 54 पिशव्या पॉझिटिव्ह आल्या, त्यांपैकी 50 चांगल्या. हे ऐकलं की चाचणी कुचकामी वाटते. पण त्या 54 पिशव्या टाकून दिल्या, तर साठा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतो आणि चार रुग्ण आयुष्यभराच्या आजारातून वाचतात. एका पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगवेगळ्या रुग्णांना गेले, तर चाराहून जास्तही.

इथे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि ते एकत्र बांधले की घोटाळा होतो. पिशवीचं काय करायचं, हा पहिला. त्याला शंका पुरेशी आहे. दात्याला काय सांगायचं, हा दुसरा. त्यासाठी शंका पुरत नाही, कारण आपल्याला गंभीर आजार आहे असं चुकीचं कळणं हीसुद्धा मोठी इजा आहे. म्हणून विषाणूच्या वेगवेगळ्या प्रथिनांच्या पट्ट्या असलेली रिबा ही पुष्टीची चाचणी, समुपदेशन आणि यकृततज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय लागते. ती उभी राहायला वेळ लागतो, हे मान्य. पण ती होईपर्यंत पिशव्या न तपासता रुग्णांना देत राहण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र कामं एकामागून एक झाली. आधी अमेरिकेच्या परवान्याची वाट पाहिली. मग ऑर्थो आणि ॲबट या दोन कंपन्यांच्या किटची तुलना ठरली. नोव्हेंबर 1990 मध्ये विषाणूविषयक सल्लागार समितीने शिफारस केली, आणि जानेवारी 1991 मध्ये मंत्र्यांची मान्यता आली. 1 जुलै ही तारीख ठरली. तेवढ्यात दुसऱ्या पिढीची जास्त चांगली किट आली, म्हणून पुन्हा तुलना करायची ठरलं आणि तारीख सप्टेंबरवर गेली. सगळ्या केंद्रांनी एकाच दिवशी सुरुवात करावी असा आग्रह होता, त्यामुळे तयार असलेली केंद्रंही थांबली. न्यूकॅसलच्या केंद्राने मात्र एप्रिल 1991 मध्येच तपासणी सुरू केली. पहिल्या पिढीची किट वापरून सुरुवात करायची आणि नवी आली की बदलायची, हा मार्ग इतर देशांनी घेतला होता. प्रत्येक थांब्याचं कारण सुटं पाहिलं तर रास्त वाटतं, पण त्या प्रत्येक आठवड्यात न तपासलेलं रक्त चढवलं जात होतं आणि त्याचा हिशेब कुठल्याच टिपणात समोरासमोर मांडलेला नव्हता.

2001 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात 114 रुग्णांच्या दाव्यावर न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला, की 1987 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली असं दूषित रक्त हे सदोष उत्पादन ठरतं. धोका टाळणं शक्य होतं की नव्हतं, हा बचाव त्यांनी मान्य केला नाही. ब्रिटनमधल्या दूषित रक्ताच्या प्रकरणावरच्या सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल मे 2024 मध्ये आला. 1970 ते 1991 या काळात रक्त घेतल्यानंतर सुमारे 26,800 जणांना हिपॅटायटिस सीची लागण झाली, असा अंदाज त्यात आहे. त्यातली बहुसंख्य लागण 1989 च्या आधीची, म्हणजे थेट चाचणीच नव्हती त्या काळातली. उशिराचं माप काढताना हे विसरू नये.

तपासणी सुरू झाल्यावर दाते सापडले, पण त्यांनी पूर्वी दिलेलं रक्त कुणाला गेलं याचा देशव्यापी शोध 1995 मध्ये सुरू झाला. इलाज नाही तर सांगून काय उपयोग, असाही युक्तिवाद मधल्या काळात होता. या शोधाची पद्धत अशी: पॉझिटिव्ह दात्याच्या जुन्या पिशव्यांचे क्रमांक काढायचे, त्या कुठल्या रुग्णालयात गेल्या ते पाहायचं, तिथल्या नोंदींतून रुग्ण ओळखायचा आणि त्याच्या डॉक्टरला कळवायचं. नोंदी नष्ट झाल्या असतील तर साखळी तिथेच तुटते. आणि जो दाता 1991 नंतर परत आलाच नाही, त्याच्या रक्ताचा माग या पद्धतीने काढताच येत नाही. म्हणूनच याच विषयावरच्या स्कॉटलंडच्या पेनरोझ चौकशीने 2015 मध्ये एकच शिफारस केली: सप्टेंबर 1991 पूर्वी तिथे ज्यांना रक्त चढवलं गेलं आणि ज्यांची तपासणी झालेली नाही, त्या सर्वांना हिपॅटायटिस सीची चाचणी देऊ करावी.