उभी सायकल, सीटवरचं मूल

मूल मागच्या सीटवर पट्ट्यांत बसलंय, सायकल स्टँडवर आहे आणि आपण खिशात किल्ली चाचपतोय. लहान मुलाला सायकलवरून नेताना सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

चालती सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळतं, चाकं कलत्या वजनाखाली सरकतात आणि तोल सावरतो. हे सगळं फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे होतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण 2011 साली संशोधकांनी तो परिणाम काढून टाकूनही आपोआप तोल सांभाळणारी सायकल बनवून दाखवली. महत्त्वाचं काय, तर हे सावरणं चालत्या सायकललाच जमतं. ती थांबली की भिस्त आपल्या पायांवर, नाहीतर स्टँडवर. आणि वर 12 किलोंचं मूल चुळबुळ करत असतं.

सीटवरच्या मुलाचं डोकं जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतं. 1.2 मीटरवरून सुटलेली कुठलीही वस्तू जमिनीवर ताशी 17 किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे सायकल जागच्या जागी आडवी झाली तरी डोक्याला बसणारा मार चालत्या सायकलच्या वेगाचा! म्हणून मुलाला बसवायचं सगळ्यात शेवटी आणि उतरवायचं सगळ्यात आधी. पिशव्या, कुलूप, फोन हे सगळं त्याच्या आधी किंवा नंतर. बसवता-उतरवताना सायकल धरायला दुसरं माणूस असेल तर फारच बरं.

वर्षाच्या आतलं मूल सायकलवर घेऊच नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा हिस्सा. एवढं डोकं पेलणारी मान मात्र अजून कच्ची असते, त्यात हेल्मेटचं वजन आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका. बाळाला पोटाशी बांधून सायकल चालवणंही टाळा, कारण आपण पडलो तर ते आपल्याच खाली येतं.

हेल्मेट घेताना मागची बाजू हाताने चाचपा. ती फुगीर असेल तर सीटच्या पाठीला अडते, डोकं पुढे ढकललं जातं आणि झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीवर टेकते. मागून सपाट हेल्मेट हवं.

पायांच्या जखमा वेगळ्याच. मोकळा लोंबता पाय चाकात गेला की टाच आरे आणि सायकलची दांडी यांच्यामध्ये सापडते. चाक थांबेपर्यंत कातडी सोलवटलेली असते, कधी हाडही मोडतं. नुसत्या कॅरियरवर बसवलेल्या मुलांच्या बाबतीत हे फार घडतं. पावलांना पट्टा आणि चाकावर जाळी, दोन्ही हवं.

युरोपीय मानकानुसार पुढच्या सीटची मर्यादा 15 किलो आणि मागच्या सीटची 22. मूल घेण्याआधी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी बांधून मोकळ्या जागेत फिरून बघा. वळताना आणि ब्रेक दाबताना सायकल किती वेगळी वागते, ते तेव्हाच कळतं.

थंडीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. पायडल मारून आपल्याला घाम फुटतो, पण मागचं मूल वाऱ्यात नुसतं बसून गारठतं. मध्येच थांबून, सायकल घट्ट धरून, त्याच्या पावलांना एकदा हात लावून बघा.