पाऱ्याचं बीपी मशीन, थर्मामीटर, उडालेल्या ट्यूब: कुठे द्यायच्या आणि कोणते कागद लागतात

दवाखाना रंगवायला काढला की माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक पत्र्याच्या पेटीतलं पाऱ्याचं बीपी मशीन आणि दुसरी उडालेल्या ट्यूबांची सुतळीने बांधलेली मोळी. मशीन बहुतेक वेळा चालू असतं, डिजिटल आलं म्हणून वर गेलेलं. मग मला फोन येतो, "भंगारवाला उभाच आहे दारात, देऊन टाकू का?"

देऊ नका. त्या एका मशीनमध्ये साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, आणि सीएफएलमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम. भंगारवाल्याला पत्रा हवा असतो, पारा नको असतो. तो ओतला जातो तिथेच, मागच्या गटारात. पारा साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत जातो आणि त्या वाफेला ना रंग ना वास. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइल पारा करतात, आणि तो माशांच्या अंगात साठत माणसाच्या ताटापर्यंत येतो. जपानमधल्या मिनामाता या गावाने हे भोगलं. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये झाला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला आणि पाऱ्याच्या वस्तूंसाठी २०२५ पर्यंतची सवलत मागून घेतली. म्हणजे आता माळ्यावरचा माल खाली येण्याचे दिवस आहेत.

"अर्ज कुठे करायचा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याआधी तुम्ही कोण आहात ते ठरवा, कारण अर्ज लागतो की नाही हे त्यावरच ठरतं.

घर आणि सोसायटी

घरच्या माणसाला कसलाही अर्ज नाही, नोंदणी नाही, कागद नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून सीएफएल, ट्यूब आणि फुटलेला थर्मामीटर यांना 'घरगुती घातक कचरा' असा वेगळा प्रकार मानलं आहे. त्याच नियमांत दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र असावं, असं प्रमाण नगरपालिका-महापालिकांना घालून दिलं होतं. तुमच्या गावात ते केंद्र कागदावर आहे की जागेवर, हे मात्र वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात जाऊनच कळेल. जाताना वस्तू घेऊन जाऊ नका, आधी नुसतं विचारून या.

ट्यूब फोडून पिशवीत भरायची सवय असते, जागा कमी लागते म्हणून. नेमकं तेच करायचं नाही. नवी ट्यूब ज्या पुठ्ठ्याच्या खोळीतून येते, त्याच खोळीत जुनी घालून उभी ठेवा.

सोसायटीलाही वेगळा परवाना लागत नाही. पाहायचं ते इतकंच, की ट्यूब ज्याला देणार तो ई-कचऱ्याचा नोंदणीकृत रीसायकलर आहे ना.

कंपनी, कॉलेज, मोठं रुग्णालय

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात कधीही त्या नियमांच्या यादीतली किमान १,००० उपकरणं वापरात असतील, तर तुम्ही 'बल्क कन्झ्युमर', म्हणजे मोठे वापरकर्ते. पाऱ्याचे दिवे त्या यादीत आहेत. हजार हा आकडा ऐकून कॉलेजवाले हसतात, "आमच्याकडे कुठले एवढे कॉम्प्युटर?" मग वर्गावर्गातल्या ट्यूब मोजायला बसवलं की हसू थांबतं. ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रीफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून वापरात आणणारा) किंवा रीसायकलर यांनाच द्यायचा, हे तुमच्यावर बंधन आहे. केंद्रीय पोर्टलवर नोंदणी करायची ती उत्पादकांनी आणि रीसायकलरनी. तुम्हाला ती करायची नाही.

रीसायकलर निवडताना एक खोच आहे. कॉम्प्युटर घेणारा प्रत्येक जण ट्यूब घेतोच असं नाही. ट्यूब बंद यंत्रात, हवा आत ओढून घेत फोडावी लागते. काच आणि ॲल्युमिनियमच्या टोप्या वेगळ्या निघतात, पारा राहतो आतल्या पांढऱ्या पावडरीत, आणि ती तापवून तो परत मिळवतात. हे यंत्र ज्याच्याकडे नाही तो तुमच्या ट्यूब घेऊन काय करणार? म्हणून त्याच्याकडून तीन गोष्टी मागा: नोंदणी प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र (काम चालवायची परवानगी), आणि त्या संमतिपत्रात पाऱ्याच्या दिव्यांचा स्पष्ट उल्लेख. तिसरी गोष्ट दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरा शोधा.

दवाखाना, दाताचा दवाखाना, लॅब

खरी गुंतागुंत इथे आहे. दवाखान्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, म्हणजे तो कचरा हाताळायची परवानगी, असतं (खाटा नसतील तर ते एकदाच घ्यावं लागतं), आणि पिवळी, लाल, निळी, पांढरी अशी रंगांची शिस्तही असते. त्यामुळे फुटलेला थर्मामीटर काच म्हणून निळ्या डब्यात जातो, पारा पुसलेला कापूस पिवळ्या पिशवीत. दोन्ही चूक. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि तिथे पारा सरळ धुराड्यातून बाहेर पडतो. दाताच्या दवाखान्यात तर चांदी भरलेली उपटलेली दाढसुद्धा पिवळ्या पिशवीत टाकायची नसते. उरलेलं अमाल्गम (पारा मिसळलेली हीच चांदी) आणि रिकाम्या कॅप्सूल घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळ्या ठेवा.

पाऱ्याचा कचरा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येतो. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. अर्ज फॉर्म १ मध्ये, मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून. मात्र त्याआधी तुमचं जुनं संमतिपत्र काढून शेवटच्या पानापर्यंत वाचा. खाटांच्या रुग्णालयांच्या संमतिपत्रात घातक कचऱ्याचा तक्ता पुष्कळदा आधीच असतो, फक्त त्यात पाऱ्याची ओळ नसते. तसं असेल तर नव्याने सुरुवात न करता ती ओळ घालून घेण्याबद्दल उपप्रादेशिक कार्यालयात विचारा.

अर्जाला जोडायचे कागद: स्थापनेची संमती आणि चालवण्याची संमती (जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खालची), आणि नूतनीकरण असेल तर आधीच्या अटी पाळल्याचा स्वतः प्रमाणित केलेला अहवाल. त्याशिवाय वस्तूंची मोजदाद आणि साठवणीच्या जागेचा फोटो मी स्वतःहून हाताशी ठेवायला सांगतो. पाहणीला कुणी आलं तर बोलणं लवकर आटपतं.

फॉर्म भरताना एकाच रकान्यात लोक घसरतात. मीही घसरलोय. कचऱ्याचं प्रमाण तिथे मेट्रिक टनात विचारलेलं असतं. सहा बीपी मशीनचा पारा धरला साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे ०.६ किलो. मी त्या रकान्यात ०.६ लिहून मोकळा झालो. पंधरा खाटांच्या रुग्णालयात सहाशे किलो पारा! शंका विचारणारं पत्र आलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. बरोबर आकडा होता ०.०००६. तेव्हापासून मी सोबतच्या पत्रात किलो आणि नग दोन्ही लिहितो.

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत मंडळाने निर्णय द्यावा, असं नियमात आहे. प्राधिकारपत्र पाच वर्षं चालतं. साठवून ठेवायची मुदत ९० दिवसांची, म्हणून आधी कागद आणि मग वस्तू गोळा करणं, हाच क्रम ठेवा. माल स्वीकारणाऱ्या घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. एका दवाखान्याच्या अर्ध्या किलोसाठी गाडी परवडत नाही. तालुक्यातल्या डॉक्टरांनी एकाच फेरीची तारीख ठरवून घेतली तर खर्च वाटला जातो. कागद मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र.

पारा सांडला तर

पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलांना बाहेर. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो आणि सोनं पांढरं पडतं. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. दोन जाड कार्डांनी गोळ्या एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, थोडं पाणी घातलेल्या बरणीत सोडा आणि झाकण घट्ट लावा. फटीत गेलेल्यावर गंधकाची पूड टाका. शाळेत बॅरोमीटर फुटला की आम्ही त्या गोळ्या तळहातावर पळवायचो आणि सर कौतुकाने बघायचे. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

दवाखान्यांसाठी एक बारीक मुद्दा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पारा सांडणं 'मोठा अपघात' धरत नाहीत, त्यामुळे ताबडतोब फॉर्म १ पाठवावा लागत नाही. (हा फॉर्म १ वेगळा, वर सांगितलेला नव्हे. फॉर्मना नावं देणाऱ्यांना दंडवत.) पण वार्षिक अहवालात त्याची नोंद हवी.

माल गेल्यानंतर

जैववैद्यकीय अहवाल आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, दोन्हींची शेवटची तारीख ३० जून. पण पहिला मोजतो जानेवारी ते डिसेंबर आणि दुसरं एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीत दिलेला पारा कुठल्या वर्षात धरायचा यावरून घोळ होतो तो यामुळेच. नियम मोडल्यास पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

गाडी आली की फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट (मालाबरोबर जाणारी नोंद-चिठ्ठी) भरायचं, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, बाकी पाच गाडीबरोबर जातात. बहुतेक जण पिवळी फाईलला लावतात आणि विसरतात. पिवळीवरून एवढंच कळतं की माल तुमच्या दारातून गेला. तो पोचला हे सांगते सहावी, निळी प्रत. ती माल घेणाऱ्याने सही करून तुम्हाला परत पाठवायची असते. गाडी गेली त्याच दिवशी कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातली एक तारीख गोल करून ठेवा, आणि तोवर निळा कागद आला नसेल तर फोन लावा.