एडीएचडी आणि सेक्स: हा विषय निघायला इतका उशीर का झाला

एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, आवेग आवरत नाही असा तो आजार) म्हटलं की अजूनही एक आठ-नऊ वर्षांचा मुलगाच डोळ्यासमोर येतो, बाकावर बूड न टेकणारा, वही घरी विसरलेला, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडणारा. हा मुलगा पुढे मोठा होतो, प्रेमात पडतो, लग्न करतो किंवा करत नाही, त्याच्याही बेडरूमचं दार बंद होतं, आणि एडीएचडी काही चपला काढून दाराबाहेर थांबत नाही, तोही आत असतोच. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला डॉक्टर लोकांना साधारण सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

आणि गंमत बघा, सुरुवातीच्या नोंदीत सेक्स होताच की.

१९०२ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली, ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आली, आणि एडीएचडीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात (त्याच्या शंभरेक वर्षं आधी एक-दोन डॉक्टर लक्ष न लागण्याबद्दल लिहून गेले होते, पण ते आपण सोडून देऊ). स्टिलने २० मुलांच्या केसेस सांगितल्या, १५ मुलगे, ५ मुली. बुद्धी ठीकठाक, पण स्वतःला आवरता येत नाही, शिक्षा केली तरी तासाभरात परत तेच. याला त्याने नाव दिलं नैतिक नियंत्रणातला दोष, आणि लक्षणांची एक यादी केली: अनावर राग, क्रूरपणा, मत्सर, नियम न जुमानणं, खोटेपणा, मुद्दाम मोडतोड, निर्लज्जपणा, आणि त्याच्या लगेच खाली, आठव्या नंबरला, लैंगिक अनीती. नववा दुष्टपणा. म्हणजे चोरी आणि क्रौर्याच्या रांगेत सेक्सला उभं केलं होतं, तेही लहान मुलांच्या बाबतीत.

आता स्टिलला शिव्या घालणं सोपं आहे, पण माणसाची नजर तीक्ष्ण होती. या सगळ्याच्या मुळाशी काय आहे तर जे हवंय ते आत्ताच्या आत्ता हवंय, त्यात दुसऱ्याचं काय होईल आणि पुढे आपलं स्वतःचं काय होईल हे दिसतच नाही, असं त्याने म्हटलंय. यातलं आत्ताच्या आत्ता हे आज आपण इम्पल्सिव्हिटी, म्हणजे आवेगीपणा, म्हणून ओळखतो. फक्त त्याच्या हातातली फूटपट्टी नीतीची होती. त्याच्यातली बरीच मुलं आजच्या डॉक्टरकडे गेली असती तर एडीएचडीपेक्षा कंडक्ट डिसऑर्डरचं (सतत नियम मोडणं, दुसऱ्याला त्रास देणं असा वर्तनाचा विकार) लेबल घेऊन परत आली असती, हेही खरंय, आणि ही सरमिसळ पुढे शंभर वर्षं सुटत नाही, तर ती लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूला सूज आणणाऱ्या एका आजाराची साथ आली, एन्सेफलायटिस लेथार्जिका. त्यातून वाचलेली काही मुलं पार बदलून गेली, रात्र रात्र जागी, दिवसभर धिंगाणा, आवर नाही, आणि काहींच्या नोंदींमध्ये वयाला न शोभणारं लैंगिक वागणं असंही लिहिलेलं सापडतं. फरक एवढा पडला की कालपर्यंत चांगलं असलेलं पोर तापातून उठल्यावर असं वागायला लागलं तर त्याला अनीती कशी म्हणणार? दोष मेंदूकडे सरकला.

मग १९३७. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका संस्थेत चार्ल्स ब्रॅडली नावाचा डॉक्टर, मुलांच्या मेंदूचे एक्सरे काढायचे म्हणून पाठीतलं पाणी काढायचे आणि त्याने मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, त्यावर उतारा म्हणून त्याने बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीला काही खास फरक नाही पण मुलं अभ्यासाला बसली! १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोनने मिथाइलफेनिडेट हे दुसरं उत्तेजक औषध बनवलं, बायकोच्या नावावरून त्याचं रिटालिन झालं, १९५४ मध्ये ते बाजारात आलं. इथून सगळी गाडी शाळेच्या रुळावर गेली. औषध लागू पडतंय का हे कोण सांगणार तर शिक्षक, कशावरून तर गणितं किती सुटली त्यावरून. १९६८ च्या अमेरिकन मानसोपचार मॅन्युअलमध्ये, म्हणजे डीएसएमच्या दुसऱ्या आवृत्तीत, या आजाराच्या नावातच बालपण होतं आणि वयात येताना हे बहुधा कमी होतं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. जो आजार वयात येतानाच संपतो त्याचा सेक्सशी काय संबंध, विषयच मिटला. स्टिलच्या यादीतला आठवा नंबर कोणी खोडला नाही, तो आपोआप गळून पडला.

मोठ्या माणसांकडे नजर वळली ती सत्तरच्या दशकात. अमेरिकेतल्या युटामध्ये पॉल वेंडर हा मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याचे सहकारी म्हणायला लागले की अहो हे जात नाही, मोठ्यांमध्येही राहतं, त्यांनी १९७६ मध्ये मोठ्यांवर औषधाचा अभ्यासही छापला. १९८० च्या डीएसएममध्ये मोठ्यांसाठी एक छोटासा कप्पा आला, नाव काय तर रेसिड्युअल, म्हणजे तळाशी उरलेला गाळ. (चाळिशीच्या माणसाला हे निदान हातात मिळाल्यावर कसं वाटत असेल!) ब्रिटनमध्ये तर नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या गाइडलाइनमध्ये मोठ्यांचा एडीएचडी यायला २००८ उजाडलं.

सेक्स परत आत आला तो मात्र मागच्या दाराने. झालं असं की सत्तर-ऐंशीच्या दशकात तपासलेली मुलं आता विशीची झाली होती आणि काही संशोधक त्यांचा पाठपुरावा करत होते. अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये रसेल बार्कली आणि मेरिएलन फिशर यांनी अशीच मुलं किमान १३ वर्षांनी परत गाठली, शिक्षण किती झालं, नोकरी टिकते का, गाडी कशी चालवता, असे सगळे प्रश्न होते आणि त्यातच सेक्सचेही. २००६ मध्ये आकडे छापून आले तेव्हा लोक दचकले. लहानपणी हायपरॲक्टिव्ह असलेल्यांमध्ये ३८ टक्के आई किंवा बाप झाले होते, तुलनेच्या गटात ४ टक्के. लैंगिक आजारावर उपचार घेतलेले १६ टक्के, तिकडे ४. आणि पहिला सेक्सही यांनी लवकर केलेला. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या गटाचा अभ्यास आला (फ्लोरी, मोलिना, पेल्हम), त्यात १७५ तरुण लहानपणी एडीएचडी असलेले आणि १११ नसलेले, तिथेही तेच दिसलं, लवकर सुरुवात, जास्त जोडीदार, नात्याशिवायचा सेक्स, जोडीदाराला राहिलेली गर्भधारणा. त्यांनी स्टिलच्या वेळची ती सरमिसळही तपासली, म्हणजे हे सगळं उनाडपणामुळे, कंडक्टमुळे होतंय का खुद्द एडीएचडीमुळे, आणि उत्तर आलं की कंडक्टचा वाटा आहेच पण तो बाजूला काढला तरी एडीएचडीचा स्वतःचा वाटा उरतो. मला विचाराल तर या दोन अभ्यासांतला हा जास्त महत्त्वाचा, जरी सगळीकडे फिरतो तो ३८ विरुद्ध ४ चा आकडा. आणि हो, पिट्सबर्गवाले सगळे पुरुष होते.

बायकांचं चित्र यायला देशभराच्या सरकारी नोंदी लागल्या. स्वीडनमध्ये २००७ ते २०१४ मधल्या पहिलटकरणींच्या नोंदी तपासल्या, ३ लाख ८४ हजारांवर बायका, त्यात एडीएचडी असलेल्यांपैकी १५.३ टक्के किशोरवयात आई झालेल्या, नसलेल्यांमध्ये २.८ टक्के. हे २०१९ मध्ये छापून आलं. वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं की ८५ टक्क्यांच्या जवळपास पोरींचं तसं झालेलं नाही, नाहीतर लोक लगेच निदान झालेल्या मुलीकडे त्या नजरेने बघायला लागतात, म्हणजे परत १९०२. तैवानमध्ये २०१८ च्या अभ्यासात तरुण वयात लैंगिक आजार होण्याचा धोका एडीएचडीवाल्यांमध्ये तिपटीहून जास्त दिसला, पण जे पुरुष एडीएचडीच्या औषधावर होते त्यांच्यात धोका कमी होता. ही दुसरी ओळ फारशी कोणी सांगत नाही.

हे होतं कसं याचं उत्तर तसं कंटाळवाणं आहे. कंडोम ड्रॉवरमध्ये आहे, माहितीये की ड्रॉवरमध्ये आहे, पण ड्रॉवर चार पावलांवर आणि सुख आत्ता इथे. जे आत्ता नाही ते जवळजवळ नाहीच, अशी ती गत. किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घ्या, सोमवारची जागा रिकामी, मंगळवारची रिकामी, बुधवारची गोळी तशीच आत, गुरुवारची रिकामी, शुक्रवार-शनिवार परत आत, आणि बाई शपथेवर सांगणार की मी रोज घेते. खोटं नाही बोलत ती, तिला खरंच तसं वाटतं. म्हणून रोज आठवण ठेवावी लागत नाही अशी साधनं, कॉपर टी, इम्प्लांट वगैरे, अशा लोकांना बरी पडतात. त्यात पुन्हा स्वीडनच्याच नोंदींवरून दिसलं की एडीएचडी असलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्यांवर डिप्रेशनचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणजे तिथेही जपूनच.

मात्र हे सगळं झालं धोक्याचं गणित. नीतीच्या जागी धोका आला एवढंच, प्रश्न अजून बाहेरून बघणाऱ्याचाच होता, हा माणूस समाजाला किती महागात पडतोय. त्या माणसाला स्वतःला सेक्समध्ये कसं वाटतं, मजा येते का, हे कोणी विचारलं नव्हतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते सुरू झालं आणि २०२० मध्ये जिनिव्हाच्या गटाने तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून बघितले तर चित्र मजेशीर निघालं, एडीएचडी असलेल्यांनी इच्छा जास्त सांगितली, हस्तमैथुन जास्त सांगितलं, आणि समाधान कमी, अडचणी जास्त. भूक मोठी पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

का लागत नाही? समजा रात्रीची वेळ आहे, जोडीदाराचा हात पाठीवरून फिरतोय, छान चाललंय, आणि पंखा एका फेरीला कुरकुरतो. झालं. पंखा, मग त्याला तेल घालायचं राहिलंय, मग इलेक्ट्रिशियनला फोन करायचा होता, मग फोन चार्जिंगला लावला का, आणि तोपर्यंत शरीर थंड. जोडीदाराला वाटतं मी आवडत नाही, आणि याला सांगता येत नाही की अगं मी पंख्यात अडकलो होतो, कारण असं कोणी सांगतं का! कुणाला हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा टोचतो, कुणाला वास सहन होत नाही, कुणी उत्तेजनेच्या भरात लवकर मोकळा होतो. आणि नात्याच्या सुरुवातीला याच माणसाने इतकं लक्ष दिलेलं असतं, रात्रभर गप्पा, शंभर मेसेज, की नंतर ते आटलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. मग एकजण सतत आठवण करून देणारा आणि दुसरा सतत बोलणी खाणारा, बायकोची आई होते किंवा नवऱ्याचा बाप होतो, आणि आईबापाशी कोण झोपणार.

हायपरसेक्शुअलिटीचा, म्हणजे लैंगिक इच्छा आणि वागणं हाताबाहेर जाण्याचा, वाद याच काळातला. मार्टिन काफका या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने २०१० मध्ये हायपरसेक्शुअल डिसऑर्डर डीएसएममध्ये घ्या असा प्रस्ताव मांडला, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये तो घेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या यादीत कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर (लैंगिक वागणं आवरताच न येण्याचा आजार) घेतला, २०२२ पासून लागू, आणि तो ठेवला आवेग न आवरण्याच्या आजारांमध्ये, व्यसनांमध्ये नाही. हंगेरीत १४ हजार लोकांच्या एका सर्व्हेत एडीएचडीची लक्षणं आणि हायपरसेक्शुअलिटी यांचा संबंध पुरुष-बाई दोघांतही दिसला, पॉर्नची अडचण होण्याशी संबंध मात्र पुरुषांमध्ये जास्त ठळक. संबंध म्हणजे कारण नव्हे हे सगळ्यांना माहिती असतं आणि हेडलाइन वाचताना सगळे विसरतात.

औषधांचंही दोन्ही बाजूंनी आहे. कुणाला गोळीने डोकं एका जागी राहतं म्हणून सेक्स पहिल्यांदा नीट अनुभवता येतो, कुणाची इच्छाच मरते. ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाने ताठरतेची आणि वीर्यपतनाची अडचण येऊ शकते हे पाकिटातल्या कागदावरच असतं, आणि २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मिथाइलफेनिडेटबद्दल इशारा दिला की क्वचित लिंगाची ताठरता तासन्‌तास उतरत नाही, चार तासांवर गेली तर तडक दवाखाना गाठा. यातलं काही झालं तर गोळी परस्पर बंद करण्याआधी डॉक्टरला सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

पण शाळेचं भूत अजून उतरलेलं नाही ते इथे दिसतं. साधी मिथाइलफेनिडेटची गोळी तीन-चार तास टिकते, शाळेत मधल्या सुट्टीत दुसरी घ्यायला लागायची. ती कटकट नको म्हणून दिवसभर पुरणारी गोळी काढली, २००० मध्ये अमेरिकेत कॉन्सर्टाला परवानगी मिळाली, सुमारे १२ तास चालणारी. सकाळी सातला घेतली की शाळा झाली, गृहपाठ झाला, संध्याकाळी सातला उतरली, मूल जेवून झोपलं. तीच गोळी त्याच वेळेला आज पस्तिशीचा माणूस घेतो. त्याचं ऑफिस नीट पार पडतं, मिटिंगा पार पडतात, आणि रात्री अकराला दिवा मालवून तो कूस बदलतो तेव्हा गोळी उतरून चार तास झालेले असतात.