कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या पोकळीत भरला जात नाही

कोळशाच्या वीजकेंद्रातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या एखाद्या प्रचंड पोकळीत कोंडतात आणि कधीतरी तो फुग्यासारखा फुटेल, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्राच्या तिसऱ्या संचात २०१४ पासून हा वायू अमाइन या रसायनाच्या द्रावणात शोषून, तापवून वेगळा करतात आणि दाबाने द्रवासारखा दाट करतात. त्यातील बराचसा तेलविहिरींत जास्त तेल काढण्यासाठी वापरला जातो, तर काही भाग जवळच ३ किलोमीटरहून खोल वालुकाश्मात सोडला जातो. हा खडक हाताला घट्ट लागतो, पण त्याच्या कणांमधील सूक्ष्म छिद्रांत खारे पाणी असते आणि वायू तिथेच शिरतो. वरचे अभेद्य थर त्याला अडवतात. काही वायू छिद्रांत अडकतो, काही पाण्यात विरघळतो आणि ते जड झालेले पाणी हळूहळू खाली जाते.

गळतीची शक्यता शून्य नाही, मात्र खरी काळजी नीट न बुजवलेल्या जुन्या विहिरींची घ्यावी लागते.