बाई हो म्हणाल्या तर मारलेलं चालेल का?

नागपुरातल्या कुठल्याही बालवाडीत चार वर्षांच्या पोराला विचारा, गणवेश न घालता आलं तर चालेल का? नाही म्हणेल. बाईंनीच सांगितलं की चालतं, तर? मग चालेल. आता विचारा, बाईंनी सांगितलं की शेजारच्याला मारलं तरी चालतं, तर? बहुतेक मुलं इथे अडतात. बाई म्हणाल्या म्हणून काय झालं, त्याला लागेल ना! एलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच प्रश्न विचारून दाखवलं, की रीत वेगळी आणि नीती वेगळी हे इतक्या लहान वयातच उमगू लागतं.

‘नीती म्हणजे ज्या त्या समाजाची रीत’ म्हणणाऱ्या सापेक्षतावाद्यांना हे अडचणीचं आहे. पण १९८७ साली मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर यांनी भुवनेश्वरचा अभ्यास पुढे ठेवला. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या ब्राह्मण कुटुंबांना घोर पाप वाटलं. शिकागोच्या लोकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. (सावजी रश्श्याच्या शहरात कोंबडीवरून एवढं काय, असं वाटेल, पण सुतकात आपल्याकडेही कित्येक घरांत मटण शिजत नाही.)

ट्युरिएल यांच्या गटाचं उत्तर मार्मिक होतं : भुवनेश्वरच्या या लोकांची समजूत काय आहे ते आधी विचारा. मुलाच्या विटाळामुळे वडिलांच्या आत्म्याची गती अडते, असं ते मानतात. बापाला त्रास देणं वाईट, हे शिकागोलाही मान्य आहे. म्हणजे नियम एकच. त्रास कोणाला आणि कसा होतो, याची कल्पना तेवढी वेगळी.

मला हे अर्धंच पटतं. अस्पृश्यतेत त्रास काही अदृश्य नव्हता. ज्याला तो होत होता, त्याला हिशेबातच धरलेलं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व माणसं समान मानण्याची एक आहे. समाजाची रीत हीच नीती असेल, तर रीत मोडणारा सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो. सापेक्षतावाद उदार दिसतो खरा, पण या प्रश्नापाशी त्याची बोलती बंद होते.

मात्र ‘आमचे नियम सनातन आहेत’ हा दावा जातिव्यवस्थेचे समर्थकही करतच होते. म्हणून नुसत्या सनातनपणाने काही सिद्ध होत नाही.

मग सगळीकडे सापडणारे नियम तरी भरवशाचे? ऑक्सफर्डच्या ऑलिव्हर स्कॉट करी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ६० समाजांची वर्णनं चाळली. नातलगांना मदत, उपकाराची फेड, न्याय्य वाटणी, शौर्य अशा सात गोष्टी जिथे जिथे उल्लेख आला तिथे जवळपास नेहमीच चांगल्या मानलेल्या आढळल्या. त्या सातांत आणखी एक आहे : वरिष्ठांपुढे नमतं घेणं.