तीन कॉर्ड आणि दहाचा काटा: पुण्यातल्या पंकची पार्श्वभूमी

पुण्यात तीन पंक बँडांची, म्हणजे वेगवान, छोट्या गाण्यांचं साधं रॉक वाजवणाऱ्यांची संध्याकाळ बसवायची तर हाताशी नव्वद मिनिटं असतात. हिंजवडीत नोकरी करणारा श्रोता सातला निघाला तरी कोरेगाव पार्कात टेकेपर्यंत साडेआठ वाजतात, आणि जागा उघड्यावरची असेल तर दहाला स्पीकर बंद. मधल्या दीड तासात पंचवीस मिनिटांचे तीन सेट आणि साडेसात मिनिटांच्या दोन अदलाबदली. गाणी दोन-दोन मिनिटांची असतात म्हणून हे जमतं. लांबलचक, गुंतागुंतीची गाणी करणाऱ्या प्रोग-रॉकवाल्यांचं एवढ्या वेळात ट्यूनिंग होतं.

एखाद्या शहरातल्या रॉकचा इतिहास बँडांची नावं आणि अल्बमांच्या तारखा मांडून सांगायची रीत आहे. पुण्यातल्या पंकला ती लागू पडत नाही. बँड दोन-तीन वर्षं चालतो, मग कुणी एमएस करायला बाहेर जातं, कुणाची बंगळूरला बदली होते, आणि रेकॉर्डिंग राहूनच जातं. इथला इतिहास जागांचा आणि घड्याळाचा आहे.

पंक जन्मला तिथेही आधी जागा होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या काठावर होतं आणि बावरी भाग पार उतरणीला लागलेला. तिथे डिसेंबर १९७३ मध्ये सीबीजीबी नावाचा बार उघडला आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्या नवख्या बँडांना त्याने मंच दिला. रामोन्स हा पंक बँड तिथे १९७४ पासून वाजवत होता. एप्रिल १९७६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला: १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. पुढच्याच जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सनी ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. १९५४ मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघालं आणि साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची रांग लागली, त्यामागचा विचार हाच होता: प्रकाशक छापत नाही ना, मग आपणच छापू.

अमेरिकेत पुढची अडचण वयाची आली. ऐकणारी पोरं शाळकरी आणि जागा मात्र बारच्या. मग हातावर काळ्या मार्करने फुली मारायची, म्हणजे याला दारू द्यायची नाही हे काउंटरवाल्याला कळतं. वॉशिंग्टनच्या हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान पंकच्या बँडांनी ही फुली आपली खूण करून टाकली. ३१ डिसेंबर १९८६ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट सुरू झालं: स्वयंसेवकांनी चालवलेली, दारू नसलेली, सगळ्या वयांना खुली अशी जागा. ग्रीन डे हा बँड तिथूनच वर आला. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांचा ‘डुकी’ अल्बम निघाला, त्याच वर्षी भारतात चॅनेल व्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली, आणि केबलच्या वायरीतून हा आवाज कोथरूड-औंधच्या दिवाणखान्यांत पोचला. आवाज आला, पण तो जिथे तयार झाला ती खोली आली नाही. पुढची सगळी ओढाताण त्यातून निघते.

त्याआधी पुण्यात इलेक्ट्रिक गिटार नव्हती असं नाही. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत आणि क्लबांच्या नाचगाण्यांत ती होतीच. पण पंक लंडनात पेटला तेव्हा इकडे आणीबाणी होती, आयातीवर बंधनं होती, आणि परदेशी तबकडी कुणाच्या तरी बॅगेतूनच यायची. शिवाय रागाला मराठीत आधीपासून घर होतं. आंबेडकरी जलसे होते, १९४४ पासून लाल बावटा कलापथक होतं, आणि पुण्यात २००२ साली कबीर कला मंच उभा राहिला. डफ, ढोलकी आणि चढा आवाज एवढ्यावर काम होतं, विजेचं कनेक्शन लागत नाही. म्हणून पुण्यातला पंक आला तो इंग्रजीत, इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांतून आणि बऱ्याच अंशी मध्यमवर्गातून. ही त्याची मर्यादा आहे आणि ती मान्य केलेली बरी.

नव्वदच्या दशकात कॉलेजच्या पोराच्या हाती गिव्हसनसारखी देशी गिटार असायची. अशा गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीपासून बऱ्याचदा उंच असतात, त्यामुळे सहाही तारा दाबणारे बार कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) जड जातात. पॉवर कॉर्डला दोन किंवा तीन तारा पुरतात. पंक सोपा वाटला याचं अर्धं कारण हे. अवघड भाग उजव्या हातात आहे. मिनिटाला १८० ठोके, ठोक्याला दोन फटके आणि सगळे खालच्या दिशेने मारायचे तर सेकंदाला सहा पडतात, आणि चौथ्या गाण्यापर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. मग पोरं वर-खाली मारायला लागतात आणि गाणं सैल पडतं. ड्रमवर ताशा वाजवलेला मुलगा बसला तर हाताचं काम निम्मं झालेलं असतं, त्याला फक्त उजव्या पायाला वळण लावावं लागतं.

मंच मिळायचा तो कॉलेजच्या महोत्सवांतल्या स्पर्धांत, आणि स्पर्धेत गुण मिळतात सफाईला. मेटल तिथे शोभून दिसतं: लांब सोलो, दुहेरी बेस ड्रम, बदलत्या मात्रा. तीन कॉर्डचं गाणं परीक्षकाला गृहपाठ न केल्यासारखं वाटतं. म्हणून पंक बँड मेटलच्या रात्रीत पाहुण्यासारखे वाजत राहिले, सगळ्यांत आधी, हॉल रिकामा असताना. मोठा मंच मुंबईत होता. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात भरायचा.

मग १४ फेब्रुवारी २००० ला केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, बंदिस्त सभागृहांचा अपवाद. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. रंगभवन कॉलेज आणि रुग्णालय यांच्या शेजारीच, तिथला रॉक त्यामुळे बंद पडला. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणांकडे जातात. रात्र रात्र चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपलं वेळापत्रक याच नियमाने कापावं लागलं. कायद्यापुढे भैरवी आणि गिटारचा खरखरीत डिस्टॉर्शन सारखेच.

पुण्यातली लाइव्ह संगीताची वस्ती २००० नंतर कोरेगाव पार्कात जमली, हाय स्पिरिट्ससारख्या ठिकाणी. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याच भागात पहिला एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव भरला. पुढे तो हडपसरच्या बाजूला सरकला. महोत्सवाने स्थानिक बँडांना वेळेवर चढणं, साउंडवाल्याला आधी यादी पाठवणं आणि पंचविसाव्या मिनिटाला उतरणं शिकवलं. प्रेक्षकांना मात्र वर्षात एकदा तिकीट काढून वर्षभर घरी बसायची सवय लावली, असं आमचं मत आहे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मुंबईचे बँड एका गाडीत बसून येऊ लागले. द रायट पेडलर्स आणि द लाइटइयर्स एक्स्प्लोड यांच्यासारखे पंक बँड तिकडचे. पुण्याचा पंक मुंबईच्या मानाने नेहमीच तुरळक राहिला.

एका गाडीत चार माणसं, दोन गिटार आणि एक बेस बसतो, ड्रमकिट बसत नाही. त्यातून बॅकलाइन, म्हणजे मंचावरचं जड सामान, वाटून घ्यायची पद्धत पडली. किटचे मोठे ड्रम आणि अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) यजमान बँडचे किंवा भाड्याचे, आणि प्रत्येक ड्रमरने आपले ‘ब्रेकेबल्स’ आणायचे: सिंबल (झांजा), स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) आणि किक पेडल (पायाने मोठा ड्रम वाजवायचं), म्हणजे जे फुटतं किंवा ज्यावरून भांडण होतं ते. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारा बँड आधी तपासतो आणि पहिला सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी हलवावी लागत नाही. किक ड्रम पुढे सरकू नये म्हणून खाली काहीतरी अंथरावं लागतं. सतरंजी चालत नाही, गुळगुळीत फरशीवर तीच किटसकट सरकते. खाली रबर असलेली मॅट हवी.

छोट्या जागेत पहिली तक्रार असते की गायकाचा आवाज येत नाही. साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. मूळ दोष बहुधा गिटारच्या अॅम्पचा असतो. तो जमिनीवर ठेवलेला, त्याचा आवाज वाजवणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळतो आणि पहिल्या रांगेच्या कानात शिरतो. वाजवणाऱ्याला वाटतं आवाज कमीच आहे, म्हणून तो बटण फिरवत जातो. अॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा, तो आपणहून आवाज खाली आणेल. दुसरा दोष गायकाच्या हाताचा. नेहमीचा कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने कमीत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर त्याच्या शेपटाकडे ठेवतात. जाळी मुठीत धरली की माइकची दिशा मोडते, तो चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि मॉनिटर किंचाळतो. फोटोत मूठ छान दिसते, हे खरं.

यापेक्षा गंभीर गोष्ट विजेची. गिटारच्या तारा केबलमधून अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. अॅम्प ज्या बोर्डावर आहे त्याला अर्थिंगच नसेल तर दोन्हींत व्होल्टेजचा फरक पडतो आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर लावून तार आणि जाळी यांच्यात मोजावं. दोन-चार व्होल्टच्या वर काटा गेला तर गाऊ नये. दोन्ही उपकरणं एकाच, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरून घ्यावीत. माइकवर स्पंज चढवणं हा तात्पुरता उपाय, आणि घरघर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणं हा जिवाशी खेळ. पुण्यात एक खास अडचण वारंवार दिसते: आयटीतल्या मित्राने अमेरिकेहून आणलेला अॅम्प. तो १२० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. थेट लावला तर फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. ४० वॉटच्या व्हॉल्व्ह अॅम्पला (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) ५०० व्हीए क्षमतेचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आणि व्हॉल्व्ह अॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

सरावाच्या जागेचं गणितही असंच अडलेलं. वाड्यात आणि फ्लॅटमध्ये ड्रम शक्य नाही, म्हणून तासावर मिळणारी जॅमरूम, बहुधा तळघरात किंवा दुकानाच्या गाळ्यात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की आवाज अडतो हा समज अजून गेलेला नाही. ट्रे खोलीतला वरच्या पट्टीतला घुमारा थोडा कमी करतात, पण बेस आणि किक भिंतीतून आणि स्लॅबमधून जातात. त्यांना वजनच अडवतं: विटांची भिंत, मध्ये पोकळी, आत दुसरी भिंत, दोन दारं आणि ड्रमखाली रबरावर ठेवलेली फळी. एवढं करून पुन्हा हवा येण्याची सोय करावी लागते, तिथे बहुतेकांचे पैसे संपतात.

वयाची फुली इथेही लागते. महाराष्ट्रात दारूसाठी २५ वर्षं, सौम्य बिअरसाठी २१ अशी अट आहे, त्यामुळे बारच्या जागा दारावरच वय विचारतात. एकोणीस वर्षांच्या गिटारवाल्याला स्वतःचे मित्र आत आणता येत नाहीत. त्यावर तोडगा म्हणून रविवारी दुपारी कॅफेत किंवा थेट जॅमरूममध्येच, तीस-चाळीस लोकांत, कार्यक्रम होतात. ते बहुधा जास्त रंगतात. पैशाचं बोलायचं तर समजा ६० जणांनी २०० रुपये दिले, १२,००० जमले, साउंड आणि किटने निम्मे खाल्ले, तर तीन बँडांना प्रत्येकी २,०००. चौघांत ५००. तेवढ्यात तारांचा एक सेट येतो.

हा सगळा खर्च रॅपला नाही. बीट फोनमध्ये असते, माइक एक पुरतो. गेल्या दहा वर्षांत शहराचा राग मराठी-हिंदीत तिकडे वळला, आणि ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन देशभर पोचला ते याच काळात. पंकला २०२० च्या टाळेबंदीने वेगळा फटका दिला: भाड्याच्या जॅमरूम आणि बार दोन्ही बंद पडले. मे २०२४ मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पब आणि रूफटॉप जागांवर कारवाई झाली, आणि जागा देणारे परवान्यांबाबत अधिक सावध झाले. पावसाळ्यात उघड्या जागा तशाही मिटतात, तारा गंजतात, जॅकचा संपर्क जातो. गिटारच्या खोक्यात सिलिका जेल ठेवणारे शहाणे. मोसम ऑक्टोबर ते मार्च, त्यातून परीक्षा वजा.

दहाला मेन बंद झाला की आधी सिंबल उतरवतात, कारण तेच हरवतात. केबल कोपराभोवती गुंडाळायची नसते, आतली तार पिळून तुटते. एक वेटोळं सरळ आणि एक उलटं घालावं लागतं. ड्रमकिट त्याच रात्री जॅमरूममध्ये परत जातं, कारण सकाळी दहाचा तास दुसऱ्या बँडने घेतलेला असतो.