चवड्यांवर बसणे आणि उकिडवे बसणे

पावलाचा पुढचा भाग, म्हणजे पायाची बोटे आणि त्यांच्या मुळाशी असलेला भरीव भाग, याला मराठीत चवडा म्हणतात. पावलातील २६ हाडांपैकी १९ हाडे, बोटांची १४ आणि त्यांच्या मागची ५ लांब हाडे, या भागात येतात. चालताना टाच उचलली की अंगाचा भार चवड्यावर येतो आणि तेथूनच शरीर पुढे रेटले जाते. शब्दाचा अर्थ इतका नेमका असूनही ‘तो चवड्यांवर बसला’ आणि ‘तो उकिडवा बसला’ ही वाक्ये हल्ली सर्रास एकाच अर्थाने लिहिली जातात, आणि ते मला योग्य वाटत नाही.

दोन्ही बैठकींत गुडघे दुमडलेले असतात आणि बूड जमिनीला टेकलेले नसते, म्हणून दुरून त्या सारख्या दिसतात. फरक पाहायचा तो टाचेपाशी. उकिडवे बसलेल्या माणसाची टाच जमिनीला टेकलेली असते, भार संपूर्ण तळव्यावर पसरतो आणि पोटऱ्यांना फारसा ताण पडत नाही. भाजीच्या वाफ्यात खुरपणी करणाऱ्या बाया पाहाव्यात: उजव्या हातात खुरपे, डाव्या हाताने उपटलेले गवत बाजूला टाकणे, आणि न उठता एकेक पाऊल सरकवत वाफा पुरा करणे. तासन्‌तास चालणारे हे काम चवड्यांवर बसून होणार नाही.

चवड्यांवर बसताना टाचा उचललेल्या असतात, गुडघे पुढे झुकतात, टेकू लहान होतो आणि पोटऱ्या व मांड्या सतत ताणलेल्या राहतात. ही बैठक विसाव्याची नव्हे, उसळून उठण्याची आहे. तालमीत बैठका मारताना खाली जाताच टाचा आपोआप सुटतात आणि पैलवान चवड्यांच्या जोरावर वर येतो. खो-खोत पाटीवर बसलेला खेळाडूही चवड्याचा रेटा देऊनच झेपावतो. संपूर्ण तळवा टेकून सैल बसलेला खेळाडू ‘खो’ मिळाल्यावर उठेपर्यंत समोरचा धावक निसटलेला असतो.

गोंधळाचे एक कारण शारीरिकही असावे. खुर्चीची सवय झालेल्यांचे घोटे पुरेसे वाकत नाहीत. असा माणूस उकिडवा बसू लागला की मागे कलंडतो, आणि तोल सावरण्यासाठी टाचा उचलून नकळत चवड्यांवर येतो. व्यायामाच्या सूचना लिहिणाऱ्यांनी म्हणूनच टाचा टेकवायच्या की उचलायच्या हे स्पष्ट सांगावे, कारण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो.

लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. भाकऱ्यांची किंवा घड्या केलेल्या कपड्यांची रास ती चवड. हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याचे रूप ‘चवडीवर’ होते, तर पुल्लिंगी चवड्याचे ‘चवड्यावर’.